लेकीच्या विलायती घराचे खण

प्रश्न : मी उदगीरचा, निवृत्त शिक्षक. लेक-जावई इंग्लंडात सफोक भागात असतात. मागच्या वर्षी त्यांनी तिथं खेड्यातलं एक जुनं फार्महाऊस घेतलं. कागदावर ‘ग्रेड टू लिस्टेड’ असं आहे. उन्हाळ्यात आम्ही दोघं जाऊन आलो. बाहेरून घर गुलाबी, आत लाकूडच लाकूड. माडीची जमीन इतकी कललेली, की नातवाची गोटी आपोआप भिंतीपाशी जाते. एका भिंतीचा गिलावा पडला तर आतून काड्या अन् माती निघाली! जावयांना तिथं सिमेंट करायचंय, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवायच्यात. पण कौन्सिलच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही म्हणे. स्वतःच्या घराच्या खिडकीला परवानगी? अन् एवढे पैसे मोजून पोरांनी कुडाचं घर घेतलं, फसले का हो?

उत्तर : गुरुजी, घर कुडाचंच आहे आणि पोरं फसलेली नाहीत.

आपण तुराट्या उभ्या करून शेणमातीनं लिंपतो. त्यांनी ओकच्या दांड्यांमध्ये हेझेलच्या झुडपाच्या ओल्या फोका विणल्या आणि वर चिखल, गवत, शेण थापलं. बाहेरून चुन्याचा गिलावा, त्यावर रंगीत चुना. सफोकचा गुलाबी तर प्रसिद्धच आहे. पण ही भिंत वजन पेलत नाही, ती नुसती आडोशाला. भार सगळा ओकच्या सांगाड्यावर. लाकूड ओलं असतानाच घडवायचे, कारण वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही. मग ते घरातच वाळतं, पिळतं, वाकतं. नातवाची गोटी घरंगळते त्याला हेही एक कारण.

सांगाडा आधी कारागिराच्या आवारात आडवा जुळवायचे, सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायचे, मग सुटा करून जागेवर उभा करायचे आणि लाकडाच्याच खुंट्या ठोकायचे. त्या खुणा अजून सापडतात. कुणी सांगेल, हे वासे जुन्या जहाजाचे आहेत. बहुतेक वेळा ती थाप असते. रिकाम्या खाचा दिसतात त्या बऱ्याचदा दुसऱ्या एखाद्या जुन्या घराचं लाकूड वापरल्याच्या.

आणि मजा बघा, दोन चौकटींमधल्या अंतराला ते ‘बे’ म्हणतात आणि घर त्यातच मोजतात. तुमच्या उदगिरात ‘पाच खणांचं माळवद’ म्हणतात, तोच हिशोब. 1993 च्या भूकंपानंतर मी किल्लारीकडं पाहणीला होतो, नवा नवा इंजिनिअर. दगडमातीच्या जाड भिंती बाहेर कोसळलेल्या, पण एका घरात खांब आणि तुळया जागच्या जागी, वर माळवदही तसंच. खुंटीला टांगलेली पिशवीसुद्धा पडली नव्हती. खण म्हणजे काय, ते मला पुस्तकापेक्षा त्या घरानं शिकवलं.

आता जावईबापूंना एक काम सांगा. बॅटरी घेऊन छपराखालच्या पोटमाळ्यात चढा आणि वासे बघा. तिकडच्या जुन्या घरात मधला मोठा दालनखण जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा असे, मधोमध जमिनीवर चूल, धुराडं नाही. धूर आपल्या साण्यासारख्या भोकातून आणि छपराच्या फटींतून जायचा. सोळाव्या-सतराव्या शतकात लोकांनी विटांची धुराडी घातली आणि त्या दालनात माडी टाकली. म्हणून वासे काजळीनं काळेकुट्ट असतील, तर घराचा तो भाग धुराड्याच्याही आधीचा असण्याचा संभव मोठा. हौसेनं ते खरवडू नका. ती काजळी म्हणजे घराचा जन्मदाखला.

सिमेंटचं मात्र नाव काढू नका. हे मी पोळलेला माणूस सांगतोय. गावच्या आमच्या घराची पांढऱ्या मातीची भिंत दरवर्षी लिंपायचा आईला त्रास होतो, म्हणून मीच सिमेंटचा गिलावा मारला. भिंतीतली ओल आत कोंडली. तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा पापुद्र्यासारखा सुटला आणि सोबत वीतभर माती घेऊन खाली आला. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. सफोकमध्ये तर सिमेंटमागं कोंडलेल्या ओलीनं ओक कुजतो. जसं होतं तसंच करा : चिखल, गवत आणि वर चुना.

परवानगीचं म्हणाल, तर ‘लिस्टेड’ म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं. इंग्लंडात ही यादी 1947 च्या कायद्यापासूनची, हल्ली 1990 चा कायदा चालतो. यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि नव्वद टक्क्यांहून जास्त ‘ग्रेड टू’च. 1700 पूर्वीचं घर बऱ्यापैकी मूळ रूपात उरलं असेल, तर ते यादीत येतंच म्हणा. संरक्षण नुसतं दर्शनी बाजूला नाही, आतला जिनासुद्धा त्यात येतो. घराचं रूप बदलणारं काम विनापरवाना केलं तर तो फौजदारी गुन्हा, कैदसुद्धा होऊ शकते. पण अर्जाला फी नाही. जुन्या खिडकीच्या आतून वेगळी काच बसवायला दुहेरी काचेपेक्षा लवकर होकार मिळतो, तेवढं विचारा. आणखी एक, आधीच्या मालकानं चोरून काही केलं असेल तर ते निस्तरायची नोटीस आताच्या मालकाला येते, कितीही वर्षांनी. विकत घेतानाचे कागद पुन्हा नीट वाचायला सांगा.

पुढच्या खेपेला वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनला जमलं तर जाऊन या. तिथल्या उघड्यावरच्या संग्रहालयात ‘बेलीफ’ (Bayleaf) नावाचं पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर आहे. मूळचं केंटमधलं. बाउ बीच इथं जलाशय होणार म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस ते सुटं केलं आणि इथं आणून पुन्हा जोडलं. चुलीचा धूर छपरात चढतो म्हणजे काय, ते तिथं डोळ्यांनी दिसतं. साधारण त्याच सुमारास आमचं आजोळ जायकवाडीच्या पाण्याखाली जायचं ठरलं. संग्रहालय कुठलं आलंय, आजोबांनी तुळया काढून बैलगाड्यांवर घातल्या आणि नव्या गावठाणात दोन खण उभे केले. त्यातल्या एका तुळईला पाळण्याच्या कड्या अजून आहेत. आम्ही सगळी भावंडं तिच्याखाली झुललेली.