दोन क्लाउड सिस्टीममध्ये क्यू (मेसेज पुढे जाईपर्यंत सांभाळणारी रांग) ठेवली की डेटा हरवणार नाही आणि दोनदाही पडणार नाही, असं धरून चालावं का?

तुमची मांडणी मला अशी समजली: ऑर्डरची सिस्टीम एका क्लाउडवर, हिशेबाची दुसऱ्या. ग्राहकांची माहिती फक्त ऑर्डरकडून हिशेबाकडे जायची. मधे क्यू आहे आणि 'एग्झॅक्टली-वन्स' हवंय, म्हणजे प्रत्येक मेसेज नेमका एकदाच पोहोचायला हवा.

ते क्यूकडे मागू नका. बहुतेक क्यू 'किमान एकदा' पोहोचवण्याची हमी देतात, म्हणजे तोच मेसेज कधीतरी दुसऱ्यांदा येणार. एसक्यूएस या ॲमेझॉनच्या क्यू सेवेत फिफो (आधी आलेला आधी बाहेर, असा क्रम राखणारी) क्यू मिळते. तिच्यात डुप्लिकेट गाळले जातात, पण ते 5 मिनिटांच्या आतले. काफ्का या मेसेज वाहणाऱ्या दुसऱ्या सिस्टीमचं एग्झॅक्टली-वन्स काफ्काच्या आत चालतं. तुम्ही बाहेरच्या डेटाबेसमध्ये लिहायला गेलात की जबाबदारी तुमची. म्हणून माझा भर क्यूच्या दोन टोकांवर असतो.

पाठवणाऱ्या टोकाला सगळ्यात जास्त डेटा हरवतो, आणि तोही क्यूत शिरायच्या आधीच. कोड साधारण असा असतो: ग्राहकाची ओळ डेटाबेसमध्ये कमिट (कायमची पक्की) करा, मग क्यूवर मेसेज टाका. या दोहोंच्या मधे प्रोसेस मेली की बदल झाला, पण मेसेज कधी निघालाच नाही. क्रम उलटा केला तर न झालेल्या बदलाची बातमी आधी जाते. यावर उपाय आउटबॉक्स टेबलचा. ग्राहकाची ओळ आणि 'हे पाठवायचंय' अशी आउटबॉक्समधली ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची, म्हणजे दोन्ही पडतात किंवा एकही नाही. वेगळा प्रोग्रॅम आउटबॉक्स वाचून क्यूवर टाकतो, क्यूकडून पोच मिळाल्यावरच ती ओळ काढतो.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. 'शेवटचा वाचलेला आयडी 500, आता 501 पासून पुढे' असं वाचू नका. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आयडी ओळ घालताना मिळतो, पण ती ओळ इतरांना कमिटनंतरच दिसते. 501 चं ट्रान्झॅक्शन रेंगाळलं आणि 502 आधी कमिट झालं, तर वाचणारा 502 घेऊन पुढे जातो आणि 501 कायमचा मागे राहतो. एररही येत नाही. आयडीचा हिशेब न ठेवता, आउटबॉक्समध्ये जे शिल्लक आहे ते उचला. वाचणारे अनेक असतील तर 'स्किप लॉक्ड' वापरा, म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून पुढच्या घेतल्या जातात. किंवा डेबेझियमसारखं बदल टिपणारं साधन थेट डेटाबेसच्या लॉगवर, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवर, बसवा.

आता घेणारं टोक. आधी हिशेबाच्या डेटाबेसमध्ये कमिट, मगच क्यूला मेसेजची पोच, कारण पोच मिळाली की क्यूतून मेसेज जातो. उलटं केलंत तर मधल्या क्रॅशमध्ये मेसेज गेला समजा. आमच्याकडे हा क्रम बरोबर होता, तरी एकदा नोंदी दुप्पट पडल्या. एसक्यूएसमध्ये उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहण्याची मुदत मुळात 30 सेकंद असते. पलीकडच्या सिस्टीमची एपीआय (नोंद करायला जिला हाक मारतो ती) त्या दिवशी 40 सेकंद घेत होती. पहिल्या वर्करचं (मेसेज उचलणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम चालू असतानाच मेसेज पुन्हा दिसू लागला, दुसऱ्याने उचलला, आणि दोघांनीही इमानेइतबारे नोंद केली. मुदत वाढवली हे ठीक, पण खरी दुरुस्ती म्हणजे तोच मेसेज दहा वेळा आला तरी निकाल एकच राहील असं लिहिणं.

ते सोपं करायला दोन गोष्टी करा. मेसेजमध्ये 'काय बदललं' हे न पाठवता त्या ग्राहकाची पूर्ण सद्यस्थिती पाठवा. आणि सोबत आवृत्ती क्रमांक द्या, जो मूळ ओळीवरच प्रत्येक बदलाला एकने वाढतो. समजा, ग्राहक 4711 चा नवा पत्ता आवृत्ती 8 म्हणून आधी पोहोचला आणि अडकलेली आवृत्ती 7 मागाहून आली. घेणाऱ्याची अट एवढीच: माझ्याकडची आवृत्ती येणाऱ्यापेक्षा लहान असेल तरच लिही. 7 गपचूप गळते. डुप्लिकेट 8 सुद्धा गळतो. मग क्रमाची काळजी बरीचशी मिटते, फिफोचे जादा पैसेही वाचतात. वेळेचा शिक्का आवृत्ती म्हणून वापरू नका. दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नाहीत. ग्राहक डिलीट झाला तरी पलीकडे ओळ पुसू नका, 'काढला, आवृत्ती 9' अशी खूण ठेवा. नाहीतर उशिरा आलेली 8 त्याला परत जिवंत करते.

पुन्हा पुन्हा फसणारे मेसेज बाजूला काढायला वेगळी डेड-लेटर क्यू ठेवालच. तिच्यात मेसेज टिकण्याची मुदत मूळ क्यूपेक्षा जास्त ठेवा. एसक्यूएसच्या साध्या क्यूत मेसेज तिकडे हलला तरी त्याचं वय पहिल्यांदा क्यूत आल्यापासूनच मोजतात. दोन्हीकडे 4 दिवस ठेवलेत आणि मेसेज तीन दिवसांनी हलला, तर तो बघायला तुमच्याकडे एकच दिवस उरतो. आणि अलार्म मेसेजच्या संख्येवर लावण्यापेक्षा सगळ्यात जुन्या मेसेजच्या वयावर लावा.

एवढं करूनही रोज रात्री दोन्हीकडचे आयडी आणि आवृत्त्या ताडून पाहा. गेल्या तासाभरात बदललेल्या ओळी वगळा, त्या अजून वाटेत असू शकतात. फरक सापडला तर ती ओळ हाताने दुरुस्त न करता आउटबॉक्समध्ये नव्याने टाका, म्हणजे दुरुस्तीही नेहमीच्याच वाटेने जाते.

एक विचारायचं राहिलं: हिशेबाच्या स्क्रीनवरून कोणी ग्राहकाचा पत्ता बदलू शकतं का? शकत असेल तर आधी ती फील्ड बंद करा. तिथे केलेला बदल पुढचा मेसेज येताच पुसला जाईल, आणि तक्रार तुमच्या क्यूच्या नावाने येईल.