हेवेल म्हणजे व्यर्थ की वाफ?

प्रश्न असा आहे की बायबलमधल्या 'उपदेशक' पुस्तकाच्या सुरवातीला मराठीत 'व्यर्थ हो व्यर्थ' आहे, जुन्या इंग्रजीत तिथेच 'व्हॅनिटी' आहे, मग मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ गर्व की निरर्थक?

गर्व तर सोडूनच द्या. १६११ च्या किंग जेम्स बायबलातलं व्हॅनिटी हे जेरोम या जुन्या ख्रिस्ती पंडिताच्या लॅटिन भाषांतरातल्या 'वानितास'वरून आलंय, म्हणजे पोकळपणा. नट्यांच्या व्हॅनिटी व्हॅनशी त्याचं नातं लांबचं.

मूळ शब्द 'हेवेल'. अक्षरं ह-ब-ल, पण मधला ब स्वरानंतर आला की व होतो. शब्दशः अर्थ वाफ, तोंडातून निघणारा श्वास, थंडीत 'हा' केलं की दिसतो ना, तो. बायबलच्याच यशया पुस्तकात ५७:१३ मध्ये (अध्याय ५७, ओळ १३) मूर्तींना वारा उडवून नेईल, हेवेल घेऊन जाईल असं आहे, म्हणजे नुसती फुंकर पुरे. आणि १४४व्या स्तोत्रात माणूसच हेवेलसारखा, त्याचे दिवस सरत्या सावलीसारखे.

गंमत म्हणजे आदाम-हव्वेचा मुलगा, काइनाचा भाऊ हाबेल, त्याचं नाव हाच शब्द. काइनाच्या नावाचा खुलासा हव्वा करते, हाबेलच्या नावाचा कोणीच करत नाही, तो येतो, मेंढरं राखतो आणि चारदोन ओळींत मारला जातो. खुलाशाची गरजच काय!

उपदेशक १:२ मध्ये 'हवेल हवालीम' अशी रचना आहे. बायबलमधल्याच 'गीतरत्न' पुस्तकाचं मूळ नाव 'शीर हशीरीम' म्हणजे गीतांमधलं गीत, सर्वात श्रेष्ठ, तसंच हे वाफांमधली वाफ. 'व्यर्थ हो व्यर्थ' कानाला फार छान लागतं, मलाही आवडतं, पण त्यात तो 'सर्वात' जातो आणि उरतो विलाप.

माझं मत विचाराल तर 'व्यर्थ' हा निकाल आहे आणि वाफ हे चित्र. चहाच्या कपावरची वाफ खोटी नसते, चष्म्यावर धुकं धरतं की, फक्त मुठीत येत नाही. उपदेशकातच ११:१० मध्ये तारुण्य आणि काळे केस हेवेल आहेत म्हटलंय, तिथे केस व्यर्थ म्हणून कसं चालेल, टिकत नाहीत एवढंच म्हणायचंय. ९:९ मध्ये तर आवडत्या बायकोबरोबर हेवेल आयुष्याचे सगळे दिवस मजेत घालव असा सल्ला आहे, त्यात 'व्यर्थ आयुष्य' घातलं तर बायको काय म्हणेल?

पण वाफ सगळीकडे बसते असंही नाही हां. ८:१४ मध्ये सज्जनांना दुर्जनांचं फळ मिळतं आणि उलटं, हे हेवेल, असं येतं. तिथे क्षणभंगुर चालणार नाही, उलट हा अन्याय टिकतो हीच तर तक्रार आहे, तिथे 'काही अर्थ लागत नाही' हेच बरं.

मराठीत एकच शब्द हवाच असेल तर आपल्याकडे वाक्प्रचार तयार आहे, 'तोंडाची वाफ दवडू नकोस'. श्वासही आला आणि फुकट जाणंही आलं.

फक्त एक जागा सांभाळा. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात, शब्बाथ नावाच्या भागात ११९ब या पानावर, म्हटलंय की जग टिकून आहे ते शाळेत शिकणाऱ्या पोरांच्या हेवेलवर. तिथे 'व्यर्थ' घालून बघा.