मुलाखतीत घरचे आजारपण सांगावे का?

प्रवेशपरीक्षांचे निकाल लागू लागले की बेळगावच्या टिळकवाडीतील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दरवर्षी एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. विचारणारी मुले-मुली मानसशास्त्रात एम.ए. झालेली असतात आणि क्लिनिकल सायकॉलॉजीच्या, म्हणजे मानसिक आजारांची तपासणी व उपचार यांच्या, पुढील प्रशिक्षणासाठी अर्ज करत असतात. कोणी खानापूरचे असते, कोणी निपाणीचे, कोणी चंदगडहून बेळगावला शिकायला आलेले. "मॅडम, आमच्या घरात हा आजार होता, मुलाखतीत सांगू का?" किंवा "मी स्वतः दोन वर्षे गोळ्या घेतल्यात, ते लपवलेलं बरं ना?" या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो सहसा कोणी उच्चारत नाही: अशा घरातून आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मनावर उपचार करायला बसावे का?

गेल्या बावीस वर्षांत हे इतक्यांदा ऐकले आहे की एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. ज्या मुलीच्या निमित्ताने लिहिते आहे तिला आपण सुजाता म्हणू. तिची आणि तिच्या आईची संमती मी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्या भेटी सात-आठ महिने चालल्या. त्यांतले मोजकेच बोलणे इथे देते.

सुजाता खानापूर तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची, एम.ए. धारवाडला केलेले. लेखी परीक्षा ती दोन वर्षे लागोपाठ उत्तीर्ण झाली होती आणि दोन्ही वेळा मुलाखतीत मागे पडली होती. पहिल्या वर्षी "तुम्हाला हेच क्षेत्र का निवडावेसे वाटले?" एवढे विचारताच तिला रडू कोसळले. दुसऱ्या वर्षी तिने समाजसेवेवर पाठ केलेले इंग्रजी उत्तर म्हणून दाखवले आणि समोरच्यांनी मान हलवून पुढचा प्रश्न घेतला.

"पहिल्यांदा खरं सांगायला गेले, दुसऱ्यांदा खोटं सांगितलं. दोन्हीकडनं गेलं," ती म्हणाली. "आता तिसरं काय सांगायचं राहिलंय, सांगा की मॅडम."

तिची घालमेल समजून घ्यायची तर या वाटेवर गर्दी का होते, हे आधी सांगायला हवे. केवळ एम.ए. झाल्याने आपल्याकडे कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील व्याख्याही पर्यवेक्षणाखाली झालेल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणावर भर देते. हा मार्ग वर्षानुवर्षे दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जात आला. बेंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, रांचीजवळच्या कांके येथील केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था अशा ठिकाणी जागा थोड्या आणि इच्छुक फार. त्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.फिल. बंद करण्याचे ठरले, मग क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती तिला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत मिळाली, आणि दरम्यान परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले. या संक्रमणात मुलांची फसवणूक होण्याचा धोका वाढतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की शुल्काचा पहिला रुपया भरण्यापूर्वी त्या संस्थेचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव परिषदेच्या चालू वर्षाच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माहितीपत्रकावरच्या 'मान्यताप्राप्त' या शब्दावर विसंबू नका.

सुजाताला हे सगळे ठाऊक होते. तिच्या पारदर्शक फाइलमध्ये गुणपत्रिका, प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि सर्वांत वर ते पाठ केलेले इंग्रजी उत्तर होते. मी तो कागद उलटा करून तिच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "ज्या भाषेत जे घडलं, त्याच भाषेत लिही. एक वाक्य पुरे."

ती बराच वेळ पेन धरून बसली. मग एक ओळ लिहिली आणि लगेच तिच्यावर तळहात ठेवला. शाई ओली होती. हात उचलला तेव्हा अर्धी ओळ तळव्यावर उमटली होती. कागदावर लिहिले होते, "अंग दुखतंय म्हणते, असं मी सांगितलं."

सुजाता नववीत असताना तिच्या आईची झोप गेली, जेवण सुटले. गावात महिनाभर अंगारे-धुपारे झाले आणि मग मामा दोघींना लोंढ्यामार्गे रेल्वेने एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेला. तपासणारे डॉक्टर तरुण होते. त्यांना कन्नड आणि इंग्रजी येत होते. आईला मराठीशिवाय काही येत नव्हते. मामा केसपेपरच्या रांगेत उभा होता, म्हणून शाळेत कन्नड शिकणारी चौदा वर्षांची मुलगी दुभाषी झाली. 'निद्दे बरल्ल', झोप येत नाही, एवढे तिने नीट सांगितले. मग आई खाली बघत म्हणाली, "मला आता जगावंसं वाटत नाही गं पोरी." डॉक्टरांनी काय म्हणतात म्हणून विचारले. मुलीने सांगितले, अंग दुखतंय म्हणते.

हे सांगून झाल्यावर ती गप्प झाली. मीही घाई केली नाही. जवळच्या दुसऱ्या रेल्वे गेटवरून गाडी गेली तेवढा वेळ आम्ही दोघी तशाच बसलो होतो.

"ते वाक्य तू डॉक्टरांना सांगितलं असतंस तर काय झालं असतं, असं तेव्हा वाटलं?" मी विचारले.

"ते खरं झालं असतं."

एका मुलीला आईचे मरण शब्दांत आणायचे नव्हते, म्हणून तिने शब्द बदलला. मला हे तिथल्या तिथे दिसले. तिला दिसायला अजून महिना लागणार होता. पण त्याच भेटीत ती पुढे जे बोलली ते मी त्या संध्याकाळी वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले: "म्हणून मला हे शिकलंच पाहिजे मॅडम. शिकल्याशिवाय ते फिटत नाही."

फिटत नाही. आपण कर्जाविषयी बोलताना हाच शब्द वापरतो.

माणसाला गुंतवून ठेवण्याचे काम घटना थोडे करते आणि त्या घटनेवरून त्याने स्वतःवर लादलेला 'पाहिजेच' जास्त करतो, असे मी मानते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचे हे मर्म आहे आणि आपल्या भागातील माणसांना ते चटकन उमगते, हा माझा अनुभव आहे. 'मला हे शिकायची फार इच्छा आहे' असे म्हणणारी मुलगी मुलाखतीत अपयशी ठरली तर दुःखी होते आणि पुन्हा तयारीला लागते. 'मला हे शिकलेच पाहिजे, नाहीतर माझे फिटणार नाही' असे मनात धरून गेलेल्या मुलीला समोरचे चार तज्ज्ञ न्यायाधीश दिसू लागतात, आणि नकाराचे पत्र म्हणजे गुन्हा शाबीत झाल्याचा कागद. सुजाता दोन वर्षे प्रवेश मागत नव्हती, ती क्षमा मागत होती. प्रवेश देणाऱ्या मंडळाकडे ती वस्तू नसते.

हे मी तिला सांगितले असते तर तिने मान डोलावली असती आणि बस पकडून घरी गेली असती. म्हणून पुढच्या काही भेटी मी आईकडे वळलेच नाही. नववीतल्या सुजाताविषयी विचारत राहिले: तिचा डबा कोण करायचे, रात्री जागे कोण राहायचे, शाळेत कोणाला ठाऊक होते. आता तिची स्वतःची झोप, भूक, जगण्याविषयीचे विचार कसे आहेत, हेही मी स्पष्ट शब्दांत विचारले. ज्याच्या घरात हे घडले आहे त्याला हे विचारायला संकोचू नये. विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात पेरला जात नाही.

मग एका भेटीत म्हटले, "समज, उद्या तू वॉर्डात आहेस. अशीच एक नववीतली मुलगी आईची दुभाषी म्हणून समोर बसली आहे आणि तिने एक वाक्य गाळलं, हे तुझ्या लक्षात आलं. तिला काय म्हणशील?"

'तिची चूक नाही असं म्हणेन', हे उत्तर मला अपेक्षित होते. बहुतेक जण तेच देतात आणि तेही उपयोगी असते. सुजाताने खिडकीबाहेर पाहिले आणि थोड्या वेळाने जवळजवळ चिडूनच म्हणाली, "मी तिला तिथं बसवणारच नाही. लेकराला आईचं असलं काही बोलायला लावतात होय?"

मी काहीच बोलले नाही. तिचे वाक्य तिच्याच कानांवर पडायला थोडा वेळ हवा होता. मग ती रडली, पण हे रडणे पहिल्या मुलाखतीतल्यासारखे नव्हते. मध्येच डोळे पुसून तिने विचारले, "तिथं दुसरं कोणी मराठी बोलणारं नव्हतं काय हो?" दहा वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता, कारण दोषी कोण हे तिच्या लेखी ठरलेले होते.

इतक्या वर्षांत मी जे शिकले त्यांतील हे मला सर्वांत मोलाचे वाटते. जखमेकडे अपराध्याच्या जागेवरून पाहणारा माणूस आणि तीच जखम व्यवसायाच्या जागेवरून पाहणारा माणूस यांच्यात अंतर एखाद्या वाक्याचे असते, पण ते वाक्य त्याचे त्यालाच सापडावे लागते. नात्यातील लहान मुलांना दुभाषी करू नये, हा रुग्णसेवेतला मान्य संकेत आहे. सुजाताने तो अभ्यासक्रमात वाचण्याआधीच जगून काढला होता.

यानंतर तिने पुन्हा पहिला प्रश्न विचारला: सांगायचे का? मी म्हटले, "ही गोष्ट कोणाची आहे?" आजार आईचा होता. आईला न विचारता तो चार अनोळखी माणसांपुढे मांडणे, हेतू कितीही चांगला असला तरी, योग्य नाही. आणि जिला उद्या रुग्णांची गुपिते सांभाळायची आहेत तिने ही सवय घरापासून लावून घ्यावी. ती त्या रविवारी गावी गेली. आई आता बरी आहे, औषध चालू आहे, काजूच्या हंगामात कामालाही जाते. चुलीपुढे बसून सुजाताने सगळे सांगितले, गाळलेल्या वाक्यासकट.

"ते व्हय?" आई म्हणाली. "तिथली एक आया आमच्याच बाजूची होती. तिच्या तोंडून मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलंय की. म्हणूनच तर ठेवून घेतलं मला."

ही हकिगत मला सांगताना सुजाता हसत होती, पण शेवटी म्हणाली, "खरं मॅडम, मी सांगितलं नव्हतं, हे तर तसंच राहिलं." मला तिचा हा प्रामाणिकपणा फार आवडला. आईच्या खुलाशाने ती मोकळी झाली असती तर ते मोकळेपण योगायोगाचे ठरले असते. वाक्य गाळले गेले हे खरेच आहे, आणि गाळणारी चौदा वर्षांची होती हेही खरे आहे. दोन्ही एकत्र धरून ठेवता येणे, एवढेच मला तिच्यासाठी हवे होते.

आता ज्यांना हाच प्रश्न पडला आहे त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट लिहिते. घरातील किंवा स्वतःचे आजारपण सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही आणि न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. सांगायचेच असेल तर आधी विश्वासातल्या एका माणसापुढे मोठ्याने सांगून पाहा. ऐकून त्याला तुमची काळजी वाटू लागली, तर ती गोष्ट अजून तुमच्या उपचाराच्या खोलीतली आहे, मुलाखतीच्या खोलीतली झालेली नाही. ऐकून त्याला रुग्णांविषयी किंवा सेवेविषयी काही नवे कळले, तर ती सांगण्याजोगी झाली आहे. त्यातही आजाराचे वर्णन एका वाक्यात आटपा आणि त्यातून तुम्हाला कोणता प्रश्न पडला, त्यासाठी काय वाचले, काय काम केले, यावर वेळ द्या. परदेशी विद्यापीठांना लेखी उद्देशपत्र लागते, तिथेही हेच माप लावा. शिफारसपत्र मोठ्या नावाच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्याने तुमचे काम जवळून पाहिले आहे त्याच्याकडून घ्या. आणि ज्या मुलांना स्वतःला उपचार घ्यावे लागले आहेत त्यांना मी आवर्जून सांगते की त्यामुळे तुम्ही अपात्र ठरत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडून या प्रशिक्षणात शिरू नका. वॉर्डातले दिवस लांब असतात आणि दुसऱ्याचे दुःख रोज अंगावर येते.

सीमाभागातल्या मुलांना आणखी एक सांगायचे आहे. आपली मराठी पुण्याची नाही, कन्नड शाळेपुरते आहे आणि इंग्रजी अडखळते, याची लाज ही मुले माझ्या खोलीत घेऊन येतात. भाषेवरून इथे काय काय झाले ते मी जन्मापासून पाहते आहे आणि मराठीवरचे माझे प्रेम कोणाहून कमी नाही. तरीही मी प्रत्येकाला कन्नड नीट शिकायला लावते, कारण खाटेवरच्या माणसाला आपले दुःख स्वतःच्याच भाषेत सांगता येते आणि ऐकणाऱ्याने तिथपर्यंत चालत जायचे असते. सुजाताने सहा महिने रोज संध्याकाळी शेजारच्या निवृत्त कन्नड शिक्षिकेकडे जाऊन तिची कन्नड बोली शिकून घेतली.

तिसऱ्या मुलाखतीत तोच प्रश्न आला. ती म्हणाली की लहानपणी तिने नात्यातील एका रुग्णासाठी दुभाष्याचे काम केले होते, त्या वेळी एक महत्त्वाचे वाक्य डॉक्टरांपर्यंत पोहोचले नाही, आणि अशी वाक्ये कुठे व का हरवतात हे तिला शिकायचे आहे. पुढची पंधरा मिनिटे मंडळातील दोघे तिच्याशी त्यावरच बोलत राहिले. तिला प्रवेश मिळाला. न मिळता तरी ती चौथ्यांदा अर्ज करेल, असे तिने आदल्या दिवशीच मला सांगितले होते, आणि मला खरा आनंद त्या आदल्या दिवसाच्या फोनचा झाला होता.

गेल्या महिन्यात तिचा पुन्हा फोन आला. बाह्यरुग्ण विभागात सीमेकडच्या गावातून एक बाई आली होती, सोबत सातवीतला मुलगा. बाई मराठीत बोलायची आणि मुलगा डॉक्टरांसाठी कन्नडमध्ये सांगायचा. सुजाताने वरिष्ठांची परवानगी घेतली, मुलाला बाहेरच्या बाकावर बसवले, त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि दार लोटून घेतले. मग खुर्ची बाईच्या जवळ ओढून म्हणाली, "हं, आता सांगा मावशी."