ऑगस्टच्या शेवटी माँटानात फ्लाय फिशिंग : गाइड दुपारचं बुकिंग का घेत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कुटुंबासह यलोस्टोनला जाताय, अर्धा दिवस फ्लाय फिशिंग (कीटकासारख्या खोट्या आमिषाने, म्हणजे फ्लायने, मासेमारी) करायचंय, पण लिव्हिंग्स्टनचा गाइड म्हणतो पहाटे सहालाच या, दुपारचं घेत नाही. मुलं लहान आहेत, एवढ्या लवकर उठणार नाहीत. शिवाय नाकतोड्याच्या फ्लायला मासा दुपारीच लागतो असं तुम्ही वाचलंय. मग हा माणूस आळशी आहे, की दुपार मोकळी ठेवून जास्त पैसे देणाऱ्या कुणाला देणार आहे?

त्या गाइडला सोडू नका. आजच त्याला पैसे पाठवा.

मी २०१५पासून याच नद्यांवर होडी वल्हवतोय. मूळचा महाडचा, बोझमनला शिकायला आलो, इथेच लग्न झालं, इथेच राहिलो. ‘आळशी’ हा शब्द वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. ऑगस्टमध्ये गाइड साडेतीनला उठतो. डबे भरायचे, बर्फ घ्यायचा, ट्रेलरची कडी दोनदा तपासायची, गाडी खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवणाऱ्या बाईंना किल्ली कुठे ठेवली ते कळवायचं. आदल्या रात्री फ्लाय बांधत बसल्यामुळे चार तासांची झोप झाली तर नशीब. दुपार नाकारणारा गाइड स्वतःच्या खिशातली दुसरी पाळी नाकारत असतो. हंगाम जेमतेम चार महिन्यांचा असतो. त्यातली दुपार कोणी आळसापायी सोडत नाही.

नाकतोड्याचं तुम्ही बरोबर वाचलंय. ऑगस्टच्या उत्तरार्धात यलोस्टोन नदीकाठच्या पॅरडाइज व्हॅलीतलं गवत वाळलेलं असतं आणि काठावर नाकतोडे माजलेले असतात. सकाळी ते थंडीने आखडून बसतात. ऊन चढलं, वारा सुटला की उडतात आणि पाण्यात पडतात. काठाच्या सावलीत दबा धरून बसलेला ब्राऊन ट्राउट ते उचलतो तेव्हा डुबुक असा आवाज येतो, आणि तो एकदा ऐकला की माणूस आयुष्यभर इकडे येत राहतो. आम्ही फोमचा मोठा नाकतोडा वर तरंगत ठेवतो आणि त्याच्याखाली दोन फुटांवर एक छोटी निंफ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय, बांधतो. फक्त हॉपरचा, म्हणजे या नाकतोड्याचा, विचार केला तर एक ते पाच ही वेळ सोन्यासारखी आहे.

आणि नेमकं त्याच वेळी पाणी तापलेलं असतं. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो आणि माशाच्या शरीराची गरज मात्र वाढते. साधारण ६८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या २० सेल्सियसच्या वर गेलं की तो नुसता तग धरून असतो. अशा वेळी हुकाला लागून पाच मिनिटं झुंजलेला मासा तुम्ही कितीही प्रेमाने सोडा, पोहत गेलेला दिसतो आणि पुढच्या वळणावर मरू शकतो. इथे नव्याने येणाऱ्यांना वाटतं की संध्याकाळी हवा गार होते तेव्हा जाऊ. हवा गार होते, नदी होत नाही. पाणी सर्वात गरम असतं ते दुपारी उशिरा, आणि निवायला रात्र जाते. तुम्ही नऊ वाजता स्वेटर घालून बसलेले असता तेव्हा नदी अजून दुपारचीच असते. सर्वात थंड पाणी मिळतं ते सूर्य उगवताना.

म्हणून माँटानाचं मत्स्य खातं ‘हूट आउल’ लावतं. पाण्याचं तापमान सलग तीन दिवस ७३ अंशांना पोचलं की त्या पट्ट्यात दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद. नाव जंगलतोड्यांकडून आलंय. कोरड्या उन्हाळ्यात ठिणगीने वणवा पेटू नये म्हणून ते पहाटे घुबडं घुमत असतानाच कामाला लागायचे.

आता खरं काय ते सांगतो, कारण मी स्वतः हा नियम कागदावर पाळून त्याचा हेतू मोडलेला माणूस आहे.

२०१६चा ऑगस्ट हा माझा दुसरा हंगाम. यलोस्टोन नदीत व्हाइटफिश मरून तरंगायला लागले. आधी थोडे, मग हजारोंनी. एका परजीवीमुळे मूत्रपिंडाचा रोग पसरला होता, आणि पाणी कमी नि तापलेलं असल्याने माशांत प्रतिकाराची ताकद उरली नव्हती. १९ ऑगस्टला सरकारने गार्डिनरपासून लॉरेलपर्यंत १८३ मैल नदी बंद केली. मासेमारीच नव्हे, पोहणं, तराफे, सगळंच. आमच्या सगळ्यांचं काम एका दिवसात गेलं. त्या आठवड्यात काठाकाठाने चालताना जो वास यायचा तो मला अजून येतो. एवढं पाहिलेल्या माणसाने पुढे कधी चुकायला नको होतं.

त्यानंतर काही वर्षांनी, ऑगस्टअखेरच. डॅलसला राहणारे एक गृहस्थ आणि त्यांचे सासरे आले होते. सासरे चिपळूणचे, सत्तरीचे, वाशिष्ठीच्या काठी वाढलेले. मी महाडचा म्हटल्यावर काका एकदम खुलले, अर्धा तास खाडीतल्या माशांवर बोलत होतो. मॅलार्ड्स रेस्टला होडी पाण्यात घातली, कार्टर्स ब्रिजला काढायची होती. सकाळ सुरेख गेली. नदी खाली गेलेली होती, गोटे उघडे पडलेले, वल्ही खडकाला लागत होती, आणि ऑगस्टमधले मासे सगळं पाहून शहाणे झालेले असतात. वर येतात, फ्लायकडे बघतात, मागे फिरतात. तरी काकांना मनगटाची लय पटकन सापडली. गळ टाकलेल्या हाताला ओढ कळते, ती शिकवावी लागत नाही. त्यांनी तीन मासे धरले, तिन्ही नीट सोडले.

साडेबाराला मी दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला. ६८. मी म्हणालो, आता जेवू आणि वल्हवत खाली जाऊ, मासेमारी बास. जावईबापू म्हणाले, ‘‘पूर्ण दिवसाचे पैसे भरलेत. आज बंदी आहे का?’’ नव्हती. सलग तीन दिवस ७३ भरले नव्हते. मी पाण्याचं समजावलं. ते म्हणाले, ‘‘एखादा मरेल. हॅचरीतून सोडत असतीलच की.’’

सोडत नाहीत, हेच तर आहे. माँटानाने नद्यांत ट्राउट सोडणं १९७४मध्ये बंद केलं. डिक व्हिन्सेंट नावाच्या शास्त्रज्ञाने मॅडिसन नदीवर मोजून दाखवलं होतं की हॅचरीचे, म्हणजे टाकीत वाढवलेले, मासे सोडले की नदीचे जंगली मासे कमी होतात, सोडणं थांबवलं की वाढतात. तेव्हापासून या नद्यांतला मासा नदीनेच वाढवलेला असतो. मेला तर त्याच्या जागी टाकीतला आणून टाकत नाहीत.

हे सगळं मी तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ज्या आउटफिटरच्या, म्हणजे सहलींचा धंदा चालवणाऱ्याच्या, परवान्याखाली मी काम करत होतो (इथे गाइडला स्वतंत्र धंदा करता येत नाही, आउटफिटरच्या हाताखालीच राहावं लागतं), त्यांचा दंडक होता : सरकार बंद करत नाही तोवर पूर्ण दिवस म्हणजे पाच वाजेपर्यंत. आदल्याच आठवड्यात लवकर उतरलो म्हणून मला सुनावलं होतं. मी मुकाट्याने हॉपर बांधून दिला.

चार वाजता, ७१ अंश पाण्यात, जावईबापूंना दिवसातला सर्वात मोठा मासा लागला. यलोस्टोन कटथ्रोट, इथला अस्सल मूळ रहिवासी, जबड्याखाली दोन लालभडक रेघा. ब्राऊन ट्राउट युरोपातून आणलेला, रेनबो ट्राउट पॅसिफिकच्या बाजूने आणलेला. हा मात्र इथलाच. टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला दोरीचा शेवटचा तुकडा, सकाळचंच बारीक राहिलं होतं, ते मी बदललं नव्हतं, त्यामुळे ओढून लवकर आणता येईना. झुंज लांबली. जाळीत आला तेव्हा फोटो हवा होता. एक झाला, मग दुसरा. मी मासा पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे करून. कल्ले हलत होते, मग हळू हलायला लागले. वीस मिनिटं मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. हात काढला की तो पोट वर करायचा. शेवटी कल्ले थांबले.

काका होडीतून पाहत होते. म्हणाले, ‘‘आता हा खायचा?’’

मी म्हणालो, ‘‘नाही काका. या नदीतला कटथ्रोट ठेवता येत नाही. सोडावाच लागतो, मेलेला असला तरी.’’

‘‘मग मारलात कशाला?’’

हे शब्द मी आधी ऐकलेले होते. माझे बाबा हेच म्हणतात. आमच्याकडे काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या डोहातले देवमासे, म्हणजे महसीर, वरदायिनीचे. त्यांना कोणी गळ लावत नाही, लोक खायला टाकतात आणि हात जोडतात. बाबा त्याच पट्ट्यात वाढले, सावित्रीत गळ टाकून मासे आणायचे, आणि मी हे काम धरल्यापासून त्यांचं एकच म्हणणं आहे : मासे दोन प्रकारचे, एक देवाचा, एक ताटातला. तिसरा प्रकार मला समजत नाही. पकडायचा आणि सोडायचा हा जिवाशी खेळ आहे.

मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडलो. सांगत आलो की मासे धरणारे लोकच या नद्यांसाठी उभे राहतात, लायसन्सचे पैसे नदीच्या कामी येतात, ज्याने मासा हातात धरलाय तो पाणी उपसणाऱ्याला जाब विचारतो. हे सगळं मला आजही मान्य आहे. पण त्या दिवशी काकांच्या प्रश्नापुढे यातलं काहीच कामाचं नव्हतं. माझं उत्तर आता वेगळं आहे. बाबा, तिसरा प्रकार आहे, पण त्याला एकच अट आहे : सोडलेला मासा जगला पाहिजे. जगण्याची खात्री नसेल तेव्हा गळ टाकणाऱ्याच्या बाबतीत तुमचंच खरं.

आणि त्या आउटफिटरना, जे अजून म्हणतात की मी भावनेच्या भरात धंदा बुडवतो, त्यांना एवढंच सांगायचंय. ७३ हा आकडा दार लावायचा आहे, माशाला बरं वाटण्याचा नाही. कायद्याने हो म्हटलं म्हणून नदी हो म्हणत नाही. त्या हंगामाच्या शेवटी मी त्यांचं काम सोडलं. आता ज्यांच्याकडे आहे तिथे ऑगस्टमध्ये पहाटे निघतो, थर्मामीटर ६८ दाखवील तेव्हा काठ्या आवरतो, आणि हे बुकिंग घेतानाच सांगतो. यावरून दरवर्षी काही लोक दुसरीकडे जातात. जाऊ देत.

तुमच्या गाइडने हेच केलंय. कारण सांगितलं नसेल तर ती त्याची चूक, तेवढं त्याला विचारा. आणि हेही विचारा : थर्मामीटर ठेवतोस का? बार्ब, म्हणजे हुकाचा उलटा काटा, पकडीने दाबतोस का? यांची उत्तरं चटकन आली पाहिजेत. सकाळी मासा लागत नाही अशी भीती नको. ऑगस्टच्या सकाळी ट्रायको नावाचे इवलेसे कीटक थव्याने पाण्यावर पडतात आणि मासे वर येऊन शांतपणे एकेक टिपतात. नवशिक्याला ती फ्लाय दिसतही नाही, म्हणून गाइड बहुधा निंफ देईल, आणि दहानंतर ऊन तापलं की हॉपरही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. हे सगळं धरण नसलेल्या, उघड्या नद्यांचं झालं. यलोस्टोनवर धरण नाही. मिसुरीवर होल्टर धरणाखाली किंवा बिगहॉर्नवर पाणी धरणातून गार येतं, तिथे दुपारीही जमतं. उलट मॅडिसनचा खालचा भाग एनिसच्या उथळ तलावात तापून येतो, तिथे ऑगस्टमध्ये लोक ट्यूबवर बसून तरंगतात, तुम्हीही तेच करा. एखादा उन्हाळा थंड असतो, आठवडाभर पाऊस झाला तर दुपारही चालून जाते. बंदी रोज बदलू शकते, आदल्या रात्री मत्स्य खात्याच्या साइटवर बघा. आणि नॅशनल पार्कच्या हद्दीत धरणार असाल तर माँटानाचं लायसन्स चालत नाही, पार्कचं वेगळं परमिट लागतं.

मुलांचं म्हणाल तर त्यांना उठवूच नका. झोपेतच जॅकेट घालून गाडीत ठेवा. माझी मुलगी अशीच येते. होडी पाण्यात ढकलली की गोट्यांचा खरखर आवाज होतो, त्याने जागी होते, आणि पहिलं काही मागते ते थर्मामीटरची दोरी.