एक्सेलमध्ये खतांच्या विक्रीचे जानेवारी ते डिसेंबर असे बारा कॉलम आडवे आहेत, ते उभे कसे करायचे? ट्रान्सपोज केलं तर सगळंच फिरतं.

ट्रान्सपोजचा नाद सोडा. तुम्हाला हवंय ते अनपिव्होट. कंट्रोल टी, डेटामधून फ्रॉम टेबल, पॉवर क्वेरी (डेटा नीट लावायचं एक्सेलचंच साधन) उघडली की खताच्या नावाच्या कॉलमवर राइट क्लिक, अनपिव्होट अदर कॉलम्स, क्लोज अँड लोड. एका ओळीत एक खत, एक महिना, एक आकडा.

मला हे उशिरा कळलं. 2016 चा उन्हाळा, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. मी एका तालुक्याला कंत्राटी ऑपरेटर, टँकरचं शीट माझ्याकडं. 38 गावं उभी, तारखा आडव्या, सेलमध्ये खेपा. एप्रिलचं शीट उभं करून मागितलं तेव्हा 1140 ओळी हातानं कॉपी-पेस्ट केल्या. रात्रीचे अडीच वाजले, लाइट दोनदा गेली ते वेगळंच.

मेमध्ये मावसभावानं फोनवर अनपिव्होट शिकवलं. आमच्या जुन्या एक्सेलात पॉवर क्वेरी वेगळी टाकावी लागली. एक्सेल 2016 या आवृत्तीपासून ती आतच असते. दोन मिनिटांत काम झालं, मी खूश. 38 गावं, मेचे 31 दिवस, ओळी यायला हव्या होत्या 1178, आल्या 1031. मी मोजल्याच नाहीत.

अनपिव्होट कोरे सेल गाळून टाकतं. आणि टँकर आला नाही त्या दिवशी आमच्याकडं सेल कोरा सोडायची पद्धत! एका गावात 22 दिवसांत 44 खेपा झाल्या, 9 दिवस टँकरच नाही. माझ्या तक्त्यात सरासरी बरोब्बर 2. खरी दीडसुद्धा नव्हती. सरपंच कागद घेऊन आले तेव्हा बोलणी कुणी खाल्ली? ऑपरेटरनं.

मी मार्चपासून म्हणत होतो, भाऊसाहेब, आला नाही तर शून्य लिहू. उत्तर ठरलेलं: "शून्य कशाला टाकायलास रे, वर पाठवायचाय कागद, शून्यांनी भरलेला बरा दिसतो का?" बरा दिसत नाही, म्हणूनच लिहायचं असतं!

तेव्हा अनपिव्होटच्या आधी महिन्यांचे कॉलम निवडून रिप्लेस व्हॅल्यूजनं नलच्या (कोरा सेल तिथं null असा दिसतो) जागी 0 टाका. हां, पण ज्या महिन्याची वहीच सापडत नाही तिथं शून्य नको, तो कोराच राहू द्या. शेवटी एकूणचा कॉलम असेल तर तो आधी उडवा, नाहीतर 'एकूण' नावाचा तेरावा महिना तयार होतो. आणि गूगल शीट्समध्ये असाल तर माझं वरचं काहीच चालणार नाही, तिथं फ्लॅटन आणि स्प्लिट ही फंक्शन्स जोडून फॉर्म्युला लिहावा लागतो.