पतसंस्थेतलं जुनं फॉक्सप्रो सॉफ्टवेअर प्रिंट देताना मधूनमधून अडकतं. सॉफ्टवेअर बदलावं का?

"सॉफ्टवेअर जुनं झालंय, बदला" हे तुम्हाला नेमकं कोणी सांगितलं? नवीन विकायला आलेल्या माणसानेच ना?

तुम्ही लिहिलंय की विंडोज १० आहे, प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रोतला (व्हीएफपी, म्हणजे डेटाबेसवर चालणारे प्रोग्राम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं जुनं साधन) आहे. पावत्या दिवसभर नीट निघतात आणि मधेच एखादी प्रिंट दिली की 'नॉट रिस्पॉन्डिंग'. कधी पाच मिनिटांनी आपोआप सुटतं, कधी टास्क मॅनेजरमधून मारावं लागतं. केबल बदलून झाली, प्रिंटर बदलून झाला, रोज सकाळी रीइंडेक्स (डेटाची अनुक्रमणिका नव्याने बांधणं) चालू आहे. हे सगळं मी आमच्या भागातल्या एका दूध डेअरीत जसंच्या तसं बघितलंय, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर अशा प्रश्नांवर "फॉक्सप्रो अजून वापरतात?" असं विचारणाऱ्यांचीच गर्दी होते.

डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. त्या दिवशी सकाळपासून सभासद दारात उभे. दूध किती, फॅट-एसएनएफ किती, पशुखाद्याची कपात किती, ॲडव्हान्स किती वळता झाला, हे सगळं एका पट्टीवर छापून हातात द्यायचं. प्रोग्राम मी लिहिलेला नाही. लिहिणारा गृहस्थ पुण्याला गेला, जाताना सोर्सची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुराची, सीडी माझ्या हवाली करून गेला, आणि तेव्हापासून ते गाठोडं माझ्याकडे आहे. हिशोब कधी चुकला नाही. पण काही बिलांच्या दिवशी क्लार्कने बटण दाबलं की स्क्रीन पांढरी पडायची आणि बाहेरून आवाज चढायचे.

ज्याला त्याला कारण माहीत होतं. हार्डवेअरवाला म्हणाला केबल. केबल बदलल्यावर म्हणाला प्रिंटरचं कार्ड. मग अँटिव्हायरस. चेअरमन म्हणाले लाइट कमी-जास्त होते म्हणून, यूपीएस घ्या. यूपीएस आला. आमचे मेव्हणे हिंजवडीला आयटीत आहेत, ते एका वास्तुशांतीच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "दाजी, तुमचं ते फॉक्सप्रो २०१५ सालीच मेलंय. मढ्याला सलाइन लावून काय उपयोग?" त्या वाक्याकडे पुढे येतोच.

मी डेअरीत एक वही ठेवली. अडकलं की लिहायचं: वाजले किती, मशीन कोणतं, रिपोर्ट कोणता, ऑफिसात कोण कोण होतं. शेवटचा रकाना क्लार्कला विनोदी वाटला. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कधी होणारी आणि कधी न होणारी गोष्ट माणसांच्या येण्या-जाण्याला बांधलेली असते, हे इतक्या वर्षांत पुरतं कळून चुकलंय. वहीतून पहिली गोष्ट ही निघाली की पावती कधीच अडकत नव्हती, फक्त बिल आणि खतावणी अडकायची. म्हणजे केबल आणि प्रिंटर तिथेच निर्दोष सुटले, कारण तिन्ही गोष्टी त्याच प्रिंटरवर निघत होत्या. दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. प्रिंट दिलीच नाही, नुसतं 'स्क्रीनवर बघा' केलं तरीही गोठायचं. कागदाला अजून हातही लागलेला नाही आणि मशीन थिजलंय, यात केबलचा काय दोष?

शेवटी उलगडा केला तो शिपायाने. चहा ठेवता ठेवता म्हणाला, "सेक्रेटरी तालुक्याला गेले की हे मशीन रुसतंय." सगळे हसले. मी वही उघडली. खरंच, अडकलेल्या बहुतेक दिवशी सेक्रेटरी संघाच्या नाहीतर बँकेच्या कामाला बाहेर होते, केबिनला कुलूप आणि आतला कॉम्प्युटर बंद.

सेक्रेटरी आले त्या दिवशी त्यांना म्हटलं, तुमचा कॉम्प्युटर जरा बंद करा. बंद केला, क्लार्कच्या टेबलावरून बिल स्क्रीनवर काढलं, गोठलं. चालू केला, पुन्हा काढलं, लगेच उघडलं. सेक्रेटरींना राग आला. "म्हणजे माझ्यामुळं होतंय म्हणायचं का?" त्यांची समजूत काढण्यात जास्त वेळ गेला, दुरुस्ती तर चहा निवायच्या आत झाली.

कारण असं. व्हीएफपीची रिपोर्ट फाइल, म्हणजे एफआरएक्स, हे डेटाचं एक साधं टेबल असतं, आणि एफआरटी ही त्याची मेमो फाइल (लांब मजकूर ठेवणारी जोडफाइल). फॉक्सप्रोतल्या 'यूझ' आज्ञेने उघडा, 'ब्राउझ' करा, सगळं दिसतं. पहिल्या रेकॉर्डमध्ये एक्स्प्र (EXPR) नावाच्या मेमोत ड्रायव्हर, डिव्हाइस, आउटपुट अशा ओळी असतात, आणि टॅग व टॅग-२ या फील्डांत त्याच प्रिंटरची बायनरी माहिती. रिपोर्ट ज्या मशीनवर शेवटचा दुरुस्त करून सेव्ह केला, त्या मशीनचा त्या वेळचा प्रिंटर इथे चिकटून बसतो. डेअरीत पूर्वी एकच लेझर प्रिंटर होता, सेक्रेटरींच्या केबिनमधला, नेटवर्कवर शेअर केलेला. कधीतरी कोणीतरी बिलाचा आणि खतावणीचा नमुना बदलला, तेव्हा तोच डीफॉल्ट होता. पुढे क्लार्कला स्वतःचा प्रिंटर मिळाला. छापताना प्रिंटर निवडायची खिडकी यायची, क्लार्क आपला प्रिंटर निवडायचा, त्यामुळे रिपोर्टच्या पोटात जुनं नाव शिल्लक आहे याचा कोणाला पत्ता नव्हता. पण रिपोर्ट उघडताना फॉक्सप्रो आधी त्या नावाला हाक मारणार. केबिनमधलं मशीन चालू असलं तर उत्तर क्षणात येतं. बंद असलं तर कुलूप लावलेल्या घराचं दार वाजवत उभ्या राहिलेल्या माणसासारखा प्रोग्राम उभा राहतो, विंडोज "कोणी नाही" म्हणेपर्यंत.

उपाय: टॅग आणि टॅग-२ रिकामे करा. एक्स्प्रमधून ड्रायव्हर, डिव्हाइस, आउटपुटच्या ओळी काढा. ओरिएंटेशन आणि पेपरसाइजच्या ओळी मात्र राहू द्या, नाहीतर आडवा रिपोर्ट उभा निघेल आणि शिव्या मला पडतील. व्हीएफपी ९ असेल तर रिपोर्ट डिझायनरमध्ये प्रिंटरची माहिती सेव्ह न करण्याचा पर्याय आहे, तो एकदा बघून घ्या, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत भूत परत शिरणार नाही. मग प्रोजेक्ट पुन्हा बिल्ड करा, म्हणजे चालणारा प्रोग्राम (एक्झे) नव्याने बनवा.

तुमच्याकडे हेच असेल असं मी छातीठोक सांगत नाही. शोधायचं कसं तेवढं सांगतो. कंट्रोल पॅनेलमधून तुमचा प्रिंटर 'पॉज' करा आणि नेहमी अडकणारी प्रिंट द्या. प्रोग्राम लगेच मोकळा झाला आणि काम रांगेत जाऊन बसलं, तर फॉक्सप्रोने आपलं काम केलंय. पुढचं दुखणं स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा), पोर्ट किंवा प्रिंटरचं. पॉज असतानाही प्रोग्राम गोठला तर कागद, केबल, कार्ट्रिज सगळं विसरा, दुखणं अलीकडे आहे: रिपोर्टमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा डेटा गोळा करणाऱ्या क्वेरीत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंटसर्व्हिसचा 'ऑपरेशनल' लॉग असतो, तो मुळात बंद असतो, चालू करून ठेवा. किती वाजता कोणतं काम खरोखर छापलं गेलं ते तिथे सापडतं. वहीशेजारी तो ठेवला की हार्डवेअरवाल्याचं तोंड बंद होतं.

अलीकडचं दुखणं निघालं तर आणखी एक ठिकाण आवर्जून बघा. २०१५ च्या नोव्हेंबरातल्या अपडेटपासून विंडोज १० डीफॉल्ट प्रिंटर स्वतः बदलत राहतं, शेवटी जो वापरला तो. तुमच्या मॅनेजरने दुपारी एखादं पत्र पीडीएफ केलं की डीफॉल्ट झाला पीडीएफवाला. संध्याकाळी कॅशियरने डेबुक दिलं की फाइलचं नाव विचारणारी खिडकी उघडते, आणि पुष्कळदा ती फॉक्सप्रोच्या खिडकीमागे लपते. कॅशियरला वाटतं गोठलं. ऑल्ट-टॅब दाबून बघा, सापडेल. सेटिंगमध्ये 'विंडोजने डीफॉल्ट प्रिंटर सांभाळावा' ही खूण काढून टाका. पलीकडचं दुखणं असेल तर नेटवर्क प्रिंटरचा आयपी पक्का करा, डब्ल्यूएसडी पोर्ट (विंडोज स्वतः प्रिंटर शोधून जोडतं तो) काढून साधा टीसीपी-आयपी पोर्ट घाला. रांगेत अडकलेलं काम डिलीट होत नसेल तर स्पूलर सेवा थांबवून, सिस्टिम३२ मधल्या स्पूलच्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फायली पुसून, सेवा परत चालू करा. हे तुमच्या हार्डवेअरवाल्याला येत असणारच.

(डॉसमधलं फॉक्सप्रो २.६ वापरणाऱ्यांनो, तुमचं प्रकरण वेगळं. ३२ बिट विंडोजवर डॉस प्रोग्राम एलपीटी-१ ला मजकूर पाठवतो, पण काम संपलं हे विंडोजला कळत नाही, ते काही सेकंद वाट बघतं. ६४ बिटवर तर डॉस प्रोग्राम चालतच नाही, व्हीडॉससारखा डॉस प्रोग्राम चालवून देणारा प्रोग्राम घ्यावा लागतो.)

आता मेव्हण्यांचं. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतलं, व्हीएफपी ९ डिसेंबर २००४ मध्ये आलं, २००७ मध्ये सांगून टाकलं की दहावी आवृत्ती येणार नाही, आणि १३ जानेवारी २०१५ ला आधार संपला. सगळं कबूल. पण आधार संपला म्हणून १४ तारखेला डेअरीच्या बिलात दहा पैशांचा फरक पडला का? ३२ बिट प्रोग्राम आहे, ६४ बिट विंडोजवर आजही चालतो. मेव्हण्यांनी शेजारच्या गावच्या डेअरीला त्यांच्या ओळखीच्या मुलांकडून ब्राउझरवर चालणारं नवं सॉफ्टवेअर घेऊन दिलं. पैसे किती गेले ते मी विचारलं नाही, चेअरमननी आपणहून सांगितलं. बिलाच्या दिवशी प्रिंट दिली की ब्राउझरची छपाईची खिडकी फिरत राहायची. नवीन सॉफ्टवेअर, तेच गोठणं! मला बोलावलं. विंडोजच्या प्रिंटरच्या यादीत कधीच्या काळी शेअर केलेले, आता भंगारात गेलेले प्रिंटर अजून नांदत होते आणि खिडकी उघडताना प्रत्येकाची विचारपूस चालली होती. ते काढून टाकले, खिडकी चटकन उघडायला लागली. मेव्हणे म्हणतात योगायोग. म्हणोत.

मला राग सॉफ्टवेअर बदलण्याचा नाही, कारण न शोधता बदलण्याचा आहे. नव्यासाठी संचालक मंडळ ठराव करून लाखात पैसे देतं, आणि जुनं सांभाळणाऱ्या माणसाला "जरा बघून जा की" म्हणून फुकटात बोलावतं. तुमचा प्रोग्राम ज्याने लिहिला तो हयात असेल, फोन उचलत असेल, तर आधी त्याला बोलवा आणि दिवसाचे पैसे द्या.

बदलण्याची खरी कारणंही आहेत, तीही ऐका. सोर्स हरवलं असेल आणि रिपोर्ट एक्झेच्या आत बांधलेले असतील, तर वर सांगितलेली एफआरएक्सची दुरुस्ती तुम्हाला करताच येणार नाही. मग ज्या मशीनला तो जुना प्रिंटर जोडलाय ते चालू ठेवणं एवढाच तात्पुरता इलाज. फॉक्सप्रोच्या एका टेबलाला २ जीबीची मर्यादा आहे. व्यवहारांची डीबीएफ (टेबलाची फाइल) त्या मर्यादेजवळ पोचली असेल तर थांबू नका. युनिकोड (अक्षरं साठवायची आजची पद्धत) फॉक्सप्रोला कळत नाही, मराठी नावं जुन्या फॉन्टांत अडकलेली असतील तर बाहेर काढताना घाम फुटेल, आणि जितका उशीर तितका जास्त. रीइंडेक्सबद्दल: बिघडलेल्या इंडेक्समुळे क्वेरी रेंगाळू शकते हे खरं, पण रोज करायची गरज नाही, आणि दुसऱ्या मशीनवर कोणी प्रोग्राम उघडून बसलं असताना तर नाहीच. यांतलं एखादं कारण असेल तर नवीन घ्या, पण नव्याकडे जाण्याआधी विंडोजमधले मेलेले प्रिंटर काढून टाका.

आणि एफआरएक्सला हात लावण्याआधी तिची एफआरटीसकट कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. दोन्ही फायली बरोबर हव्यात, एकट्या एफआरएक्सचा उपयोग नाही.