छोट्या हत्तीतून कपाट कोथरूडहून साताऱ्याला न्यायचंय, रॅचेट बेल्ट (सामान आवळायचा खटक्याचा पट्टा) कसा बांधायचा?

वाटेत खंबाटकी घाट आहे, त्यामुळे एका बेल्टवर भागवू नका, निदान दोन घाला आणि हूक लोखंडी कड्यांनाच अडकवा, फाळक्याच्या पत्र्याला नाही. लेबलवर तुटायचा आकडा मोठा असतो तो बघून भुलायचं नाही, एलसी (LC, म्हणजे बांधताना पट्टा जास्तीत जास्त किती ताण घेऊ शकतो ते) लिहिलेला आकडा धरा. रॅचेटच्या मधल्या फिरत्या दांड्यावर पट्ट्याचे २-३ वेढे बसले पाहिजेत, कमी असले तर सटकतो, जास्त झाले की जाम होतो (मग बसा स्क्रूड्रायव्हर घेऊन, मी बसलोय). कपाटाच्या धारदार कडेला जुनी गोणी दुमडून ठेवा, नाहीतर पट्टा तिथंच कापला जातो. हँडलला पाइप लावून ताणू नका, बेल्टला गाठही नको. खेड शिवापूरला चहाला थांबाल तेव्हा परत आवळा, सामान बसतं आणि बेल्ट ढिला पडतो.